सोमवारपासून उलटं मोजा: जर्मनीत शिकताना मित्रांबरोबर शनिवार-रविवारची सहल

दर वर्षी हिवाळी सेमिस्टर सुरू झालं की मला साधारण तेच तीन फोन येतात. एक जण सीमेवर थांबलेल्या बसमध्ये असतो आणि पासपोर्ट खोलीवरच्या कपाटात. दुसरी विमानतळावर असते. बॅग मापात बसत नाही आणि दंड तिकिटापेक्षा जास्त. तिसरा रविवारी रात्री साडेअकराला एखाद्या छोट्या स्टेशनवर कुडकुडत असतो. पुढची गाडी पहाटेची आणि सोमवारी आठला प्रयोगशाळा. तिघांचीही चूक एकच. आधी स्वस्त तिकीट दिसलं म्हणून काढलं, बाकीचा विचार नंतर केला.

क्रम बदलला की यातलं बहुतेक टळतं. आधी कागद, मग माणसं, मग वेळ, मग ठिकाण आणि तिकीट त्यानंतर. मी म्युनिकला शिकले आणि अजून तिथेच राहते, त्यामुळे उदाहरणं तिथली आहेत. तुम्ही आखेन, ड्रेस्डेन किंवा हांबुर्गला असलात तरी क्रम हाच ठेवा.

## टप्पा १: कागद

जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा (डी प्रकारचा) किंवा रेसिडेन्स परमिटचं कार्ड मुदतीत असेल आणि सोबत मुदतीतला पासपोर्ट असेल, तर शेंगेनमधल्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या) इतर देशांत कुठल्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवस फिरता येतं. जर्मनीत काढलेले दिवस यात धरत नाहीत. बरेच जण इथे उगाच घाबरतात आणि जिथे खरंच घाबरायला हवं तिथे बिनधास्त असतात.

घाबरायच्या जागा तीन.

पहिली, व्हिसाची तारीख. भारतातून येताना मिळालेला डी व्हिसा बऱ्याचदा काही महिन्यांचाच असतो आणि परमिटसाठी आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेळ लवकर मिळत नाही. मधल्या काळात हातात फिक्टियोन्सबेशायनिगुंग नावाचा कागद येतो. त्यावर कुठल्या चौकटीत खूण आहे ते पाहा. रहिवास कायद्याचं कलम ८१ परिच्छेद ४ असेल तर जुना परवाना चालू आहे असं मानलं जातं. परिच्छेद ३ असेल तर त्या कागदाच्या जोरावर जर्मनीबाहेर जाऊन परत येता येत नाही. परिच्छेद ४ असला तरी परदेशातल्या विमानतळावरच्या कर्मचाऱ्याला तो कागद ओळखता येईलच असं नाही. माझा सल्ला सरळ आहे: कार्ड हातात येईपर्यंत जर्मनीतच फिरा. बघण्यासारखं पुष्कळ आहे.

दुसरी, नकाशा. युरोपियन युनियन आणि शेंगेन एक नव्हेत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युनियनमध्ये नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड युनियनमध्ये आहे, पण शेंगेनमध्ये नाही. ब्रिटन दोन्हीत नाही. म्हणजे डब्लिन आणि लंडनला वेगळा व्हिसा लागतो. क्रोएशिया २०२३ पासून आणि रोमानिया व बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये आहेत. आता एकूण देश २९.

तिसरी, «शेंगेनमध्ये सीमाच नसतात» हा समज. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केलेली आहे. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गहून परत येताना सीमेलगतच्या फ्राइलासिंगला पोलीस गाडीत चढतात. रात्रीच्या बसमध्ये तर झोपेतून उठवून कागद मागतात. मोबाइलमधला फोटो चालत नाही. विद्यापीठाचं ओळखपत्रही चालत नाही.

सावध: स्वस्त विमानाचा थांबा शेंगेनबाहेरच्या शहरात आहे का ते बघा. लंडन किंवा इस्तंबूलमार्गे जाणारं तिकीट दिसायला साधं असतं, पण तिथल्या नियमांचा वेगळा विचार करावा लागतो. दोन दिवसांच्या सहलीसाठी ती भानगड नकोच.

तपासा: गटातल्या प्रत्येकाने पासपोर्ट आणि परमिट, दोन्हींची मुदत संपायची तारीख गटाच्या चॅटमध्ये लिहायची. «माझं ठीक आहे» हे उत्तर धरायचं नाही, तारीखच हवी. गटात नेपाळची, इराणची, ब्राझीलची मुलं असतील तर त्यांचेही नियम त्यांनी स्वतः बघून सांगायचे. आपल्यावरून त्यांचा अंदाज बांधू नका.

## टप्पा २: माणसं आणि पैसे

चार किंवा पाच जण हा आकडा चांगला. पाचपर्यंत गटाची तिकिटं चालतात, होस्टेलमध्ये एक खोली मिळते, जेवायला एका टेबलावर बसता येतं. आठ-दहा जण झाले की निम्मा वेळ एकमेकांची वाट बघण्यात जातो.

पैशांचं बोलणं इथेच करा. आपल्याकडे मुलं भिडेखातर गप्प बसतात आणि त्याने फार नुकसान होतं. ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून) महिन्याला ९९२ युरो मिळतात. त्यातून खोलीचं भाडं, विमा, किराणा भागवायचा असतो. कोणी शनिवारी कॅफेत काम करतो, म्हणजे सहलीला येताना त्याची त्या दिवसाची मजुरीही जाते. कोणाच्या घरी कर्जाचे हप्ते सुरू असतात. ही गोष्ट सगळ्यांसमोर कुणी बोलत नाही. म्हणून जो सहल आखतोय त्याने प्रत्येकाला वेगळा मेसेज करून एकच प्रश्न विचारायचा: «सगळं धरून जास्तीत जास्त किती?» जो सगळ्यात लहान आकडा येईल तो गटाचा आकडा. तो कुणाचा होता हे कुणाला सांगायचं नाही. एवढं पाळलंत तर अर्धी भांडणं होणारच नाहीत.

यानंतर आणखी चार गोष्टी विचारून घ्या: शाकाहारी कोण, चालण्याची तयारी किती, पहाटे उठायची तयारी आहे का आणि पुढच्या दहा दिवसांत कुणाची परीक्षा किंवा सबमिशन आहे का. फेब्रुवारी आणि जुलैमध्ये शेवटच्या प्रश्नावरच सहल पुढे ढकलावी लागते, ढकला.

कामं दोन जणांत वाटा. तिकिटं एकाकडे, हिशोब दुसऱ्याकडे. एकाच माणसाकडे दोन्ही दिली की तो रविवारपर्यंत चिडलेला असतो.

सावध: «मी सगळ्यांची काढतो, नंतर द्या» असं करू नका. तिकीट परत न करता येणारं असेल आणि कुणी आयत्या वेळी गळला, तर भुर्दंड तिकीट काढणाऱ्याला. पैसे आधी जमा, तिकीट नंतर.

## टप्पा ३: सोमवारपासून मागे मोजा

आता वेळ. कागद घ्या आणि खाली लिहा: सोमवारी पहिलं काम किती वाजता? समजा आठला प्रयोगशाळा. म्हणजे साडेसहाला उठणं, म्हणजे साडेअकराला अंथरुणात, म्हणजे साडेदहापर्यंत घरात. आता परतीची अशी गाडी शोधा जी साडेनऊच्या सुमारास तुमच्या शहरात पोचते. आणि तिच्यानंतर आणखी एक तरी गाडी असली पाहिजे. दिवसाची शेवटची गाडी ही आपली गाडी धरायचीच नाही. ती फक्त आधाराला. जर्मनीत गाड्या उशिरा धावतात, जोडगाड्या चुकतात. शेवटच्या गाडीवर बेत उभा केला तर एका चुकीत रात्र फलाटावर जाते.

परत निघायची वेळ अशी ठरली की शनिवारी निघायची वेळ धरा आणि मधले तास मोजा. त्यातून झोप वजा करा. जे उरतं ते तुमचं फिरणं. एका बाजूचा प्रवास, खोलीच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंत, चार तासांपेक्षा जास्त असेल तर दोन दिवसांत ते ठिकाण घेऊ नका. म्युनिकहून लोकल गाड्यांनी साल्झबुर्ग, फ्युसेन किंवा न्युर्नबेर्ग दोन तासांच्या आसपास आहे. प्राग बसने साधारण पाच तास, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी निघता येत असेल तरच. व्हेनिस आणि पॅरिस जोडून सुट्टी आली तर.

एका दिवसात परत येण्याची सहल हा पहिल्या सेमिस्टरसाठी सगळ्यात शहाणा पर्याय आहे. मुक्कामाचा खर्च नाही आणि गट एकमेकांना मानवतो का तेही कळतं.

सावध: मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनचे तीन वाजतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तीनचे दोन. मार्चमध्ये एक तास हरवतो. आमच्यातल्या एकाने त्या रात्री हातातल्या घड्याळावर गजर लावला होता. सकाळची बस त्याच्याशिवाय गेली.

तपासा: शनिवारला लागून सार्वजनिक सुट्टी आहे का? ३ ऑक्टोबर, ईस्टर, मे महिन्यातल्या सुट्ट्या या काळात गाड्या भरलेल्या आणि होस्टेलं महाग. काही सुट्ट्या एका राज्यात असतात, शेजारच्या राज्यात नसतात.

## टप्पा ४: जायचं कसं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सावकाश.

लोकल आणि प्रादेशिक गाड्या. डॉइचलँड तिकीट तुमच्या सेमिस्टर फीमध्ये असेल किंवा वेगळं घेतलेलं असेल (जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरो), तर जर्मनीभर आरई आणि आरबी (प्रादेशिक गाड्या), एस-बान (उपनगरी), यू-बान (मेट्रो), ट्राम आणि शहर बस चालतात. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या आणि फ्लिक्सट्रेन चालत नाहीत. चूक अशी होते की साध्या नकाशाच्या ॲपमध्ये रस्ता शोधला जातो, ते मध्येच आयसीई दाखवतं आणि आपण चढतो. जर्मन रेल्वेच्या (डीबीच्या) डीबी नॅव्हिगेटर ॲपमध्ये फक्त डॉइचलँड तिकिटाच्या गाड्या दाखवण्याची सोय आहे, ती आधी चालू करा. तिकीट नावावर असतं, त्यामुळे फोटो असलेलं ओळखपत्र जवळ हवं. मित्राचं तिकीट वापरता येत नाही.

वेगळं घेतलं असेल तर एक लक्षात ठेवा: ही मासिक वर्गणी आहे. पुढच्या महिन्यापासून नको असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावी लागते. ११ तारखेला आठवलं तर आणखी एक महिना भरायचा.

सीमेपलीकडे हे तिकीट मोजक्या स्टेशनांपर्यंतच चालतं. साल्झबुर्ग मुख्य स्टेशन आणि कुफस्टाइनपर्यंत चालतं, साल्झबुर्गच्या शहर बसमध्ये नाही. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला जाताना जर्मन बाजूच्या केलपर्यंतच. पूल ओलांडणाऱ्या ट्रामचं तिकीट वेगळं काढायचं.

गटाची दिवसभराची तिकिटं. ज्यांच्याकडे डॉइचलँड तिकीट नाही, किंवा दुसऱ्या देशातून पाहुणे आलेत, त्यांच्यासाठी बायर्न (म्हणजे बव्हेरिया) तिकिटासारखी राज्यांची तिकिटं असतात. बायर्न तिकीट पाच जणांपर्यंत चालतं. शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून आणि इतर दिवशी सकाळी नऊपासून, दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत. प्रवाशांची नावं तिकिटावर लिहायची असतात. शुक्रवारी सकाळी साडेआठची गाडी पकडलीत तर त्या गाडीत तुम्ही विनातिकीट. दंड ६० युरो, तोही माणशी.

वेगवान गाड्यांची स्वस्त तिकिटं. श्पारप्राइस तिकीट ठरावीक गाडीलाच बांधलेलं असतं. आधीच्या किंवा नंतरच्या आयसीईत बसता येत नाही. अपवाद एकच महत्त्वाचा: मुक्कामी पोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होईल असं दिसत असेल तर ते बंधन सुटतं आणि दुसरी गाडी घेता येते. ॲपमध्ये दिसणाऱ्या उशिराचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, म्हणजे तिकीट तपासनिसाला दाखवता येतो.

बस. फ्लिक्सबस स्वस्त पडते, पण बस कुठून सुटते आणि कुठे उतरवते हे पत्त्यासकट बघा. म्युनिकचं बस स्थानक मुख्य स्टेशनवर नाही, एस-बानने एक थांबा पुढे हाकरब्र्युकेला आहे. श्टुटगार्टचं थेट विमानतळावर. व्हिएन्नात अनेकदा एर्डबेर्ग, ॲमस्टरडॅमला स्लोटरडाइक. पहाटे पाचला अशा ठिकाणी उतरल्यावर शहरात जायची मेट्रो सुरू झालेली असते का?

विमान. तिकीट १९ युरो दिसलं की हात थांबवा आणि बेरीज करा. विमानतळ शहरापासून किती लांब? फ्रँकफुर्ट-हान फ्रँकफुर्टहून साधारण १२० किलोमीटर. मेमिंगेन म्युनिकहून ११० च्या आसपास. पॅरिस-बोव्हे पॅरिसहून सुमारे ८५. दोन्ही टोकांची बस, दोन्ही वेळा, शिवाय बॅगेचे पैसे. १९ चे ८० कधी होतात कळत नाही, आणि चार-पाच तास जातात ते वेगळेच.

फुकट फक्त एक लहान बॅग, सीटखाली मावणारी. माप कंपनीप्रमाणे बदलतं, म्हणून बॅग भरून, टेप घेऊन, चाकं आणि पट्ट्यांसकट मोजा. ऑनलाइन चेक-इन विसरलात तर विमानतळावर त्याचे वेगळे पैसे. आणि युरोपबाहेरच्या पासपोर्टधारकांना काही स्वस्त कंपन्यांत सुरक्षा तपासणीआधी काउंटरवर जाऊन कागद दाखवावे लागतात. बोर्डिंग पासवरची ती ओळ वाचायची राहते आणि गेटवरून परत पाठवतात. दोन तास आधी पोचा.

भाड्याची गाडी. भारतातलं लायसन्स जर्मनीत राहायला लागल्यापासून सहा महिनेच चालतं. त्यानंतर त्यावर गाडी चालवणं म्हणजे विनापरवाना चालवणं. अपघात झाला तर विम्याचाही प्रश्न येतो. घरून आलेलं आंतरराष्ट्रीय परमिट ही मुदत वाढवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या सेमिस्टरची मुलं इथे हमखास चुकतात. जर्मन लायसन्स कुणाकडेच नसेल तर हा पर्याय खोडून टाका.

तपासा: परतीचं तिकीट आधी निवडा, जाण्याचं नंतर. दोन्ही एकाच बैठकीत काढा. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं आणि तिथे गोंधळ होतो.

## टप्पा ५: मुक्काम

होस्टेल निवडताना किमतीआधी नकाशा. परतीच्या गाडीच्या स्टेशनपासून पायी किती? रविवारी सकाळी खोली दहा-अकराला सोडावी लागते आणि गाडी संध्याकाळची असते. म्हणून सामान ठेवायला जागा आहे का, फुकट की पैसे देऊन, हे विचारून घ्या.

बाकी पटकन: चेक-इन दुपारी तीनच्या आसपास सुरू होतं. रात्री उशिरा पोचणार असाल तर स्वागतकक्ष किती वाजता बंद होतो ते पाहा. टॉवेल आणि कुलूप बहुतेक ठिकाणी आपलं आपण. काही होस्टेलांत वयाची अट असते. बऱ्याच शहरांत मुक्कामाचा कर दाखवलेल्या किमतीत नसतो आणि तिथे पोचल्यावर मागतात. पहिल्यांदा आखताना रद्द करता येणारी खोलीच घ्या, दोन-चार युरो जास्त पडले तरी.

स्वयंपाकघर असलेलं होस्टेल मिळालं तर शाकाहारी मंडळींचा जीव भांड्यात पडतो.

## टप्पा ६: आधी काढायची तिकिटं

काही ठिकाणी दारात जाऊन तिकीट मिळत नाही. नॉइश्वानश्टाइन किल्ल्याचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं आणि ती वेळ चुकली की तिकीट वाया. तिकिटाच्या जागेपासून वर चढायलाच अर्धा-पाऊण तास लागतो. म्युनिकहून सकाळची गाडी दोन तास, मग बस, मग चढण, एवढं धरून वेळ निवडा. ॲमस्टरडॅममधल्या ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन असतात आणि दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी खुली होतात. व्हेनिसला २०२४ पासून वर्षातल्या ठरावीक दिवशी दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेश शुल्क आहे, आणि ते दिवस मुख्यतः वसंत-उन्हाळ्यातले शनिवार-रविवारच.

एक फायद्याची गोष्ट. लूव्र संग्रहालयात २६ वर्षांखालच्या, युरोपियन आर्थिक क्षेत्रात राहणाऱ्या तरुणांना प्रवेश मोफत आहे. नागरिकत्व नव्हे, राहणं महत्त्वाचं. तुमचं परमिट कार्ड तिथे पुरावा आहे. आपली मुलं भारतीय पासपोर्ट दाखवून पूर्ण पैसे भरतात, फार वाईट वाटतं.

## टप्पा ७: आदल्या रात्री

शुक्रवारी रात्री नव्हे, गुरुवारीच बॅग भरा, म्हणजे जे नाही ते शुक्रवारी विकत आणता येतं. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनांतली काही उघडी, तीही महाग. ऑस्ट्रियातही साधारण तसंच. म्हणून शनिवारी दुपारीच रविवारचं खाणं-पाणी घेऊन ठेवा.

घरून नेण्यासारखं सगळ्यात उत्तम म्हणजे दशम्या. दुधात भिजवलेल्या, दोन दिवस मऊ राहतात. तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, थोडा गूळ. पाच जणांचं दोन वेळचं जेवण यात निघतं आणि तेवढ्यात बाहेर एकाचंच जेवण झालं असतं. विमानाने जाणार असाल तर लोणचं, तूप, खीर हे सगळं द्रवात मोजलं जातं. १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बरणी सुरक्षा तपासणीत काढून घेऊ शकतात. आजीने पाठवलेलं लोणचं कचऱ्याच्या डब्यात जाताना मी पाहिलंय.

बॅगेत हवंच: मूळ पासपोर्ट, परमिट कार्ड, आरोग्य विम्याचं कार्ड, बँकेचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड, पन्नास-साठ युरो रोख, पॉवरबँक, रोजची औषधं, पातळ रेनकोट. डोंगरात जाणार असाल तर खरे बूट. कॅनव्हासच्या बुटांनी आल्प्समध्ये चढू नका. तिकिटं ऑफलाइन उघडतात ना ते मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकून बघा. पासपोर्ट आणि कार्डाचे फोटो स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. ते सीमेवर चालत नाहीत, पण कागद हरवले तर त्यांचाच आधार असतो.

स्वित्झर्लंडला जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. तीन गोष्टी बदलतात. चलन फ्रँक. मोबाइलचं युरोपियन युनियनमधलं फुकट रोमिंग तिथे कायद्याने लागू नाही. तुमच्या प्लॅनमध्ये नसेल तर डेटा बंद करूनच सीमा ओलांडा. कोन्स्टांझसारख्या सीमेलगतच्या गावात तर जर्मनीत उभं असतानाही फोन स्विस नेटवर्क पकडतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जर्मन सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाची मागची बाजू, म्हणजे युरोपियन आरोग्य विमा कार्ड, युनियनबाहेरच्या नागरिकांना स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइन आणि डेन्मार्कमध्ये उपचारांसाठी वापरता येत नाही. तुमच्या जर्मन वर्गमित्राचं चालेल, तुमचं नाही. या देशांसाठी वेगळा प्रवास विमा घ्या. खाजगी विमा असलेल्यांनी प्रत्येक देशासाठी आपल्या कंपनीला विचारा.

## टप्पा ८: प्रत्यक्ष प्रवासात

गाडीत चढण्याआधी डब्यावरची पाटी वाचा, फक्त फलाटावरची नको. बव्हेरियात काही गाड्या मध्येच दुभंगतात. म्युनिकहून टेगर्नझेला जाणाऱ्या गाडीचा एक भाग लेंगग्रीसला आणि एक बायरिशझेलला जातो. गप्पांच्या नादात निम्मा गट एका डब्यात आणि निम्मा दुसऱ्यात बसला तर संध्याकाळपर्यंत भेट होत नाही.

कागदी तिकीट काढलं की शिक्का मारायचा का ते बघा. प्राग, इटलीतल्या प्रादेशिक गाड्या, म्युनिकची पट्ट्यांची (प्रवासागणिक पट्ट्या वापरायची) तिकिटं: शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड. «आम्ही परदेशी, माहीत नव्हतं» हे ऐकून घेतलं जात नाही.

युरो नसलेल्या देशात एटीएम किंवा दुकानातलं यंत्र विचारतं: युरोत घेऊ की स्थानिक चलनात? नेहमी स्थानिक चलन. प्रागमध्ये रस्त्यावरच्या माणसाशी नोटा बदलू नका. चलन बदलायच्या केंद्रात वाईट दर मिळाला असं लक्षात आलं तर पावती घेऊन तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो. १,००० युरोंपर्यंतच्या रकमेसाठी तिथल्या कायद्यात ती तरतूद आहे.

तपासा: डोंगर आणि तळ्यांच्या ठिकाणी पोचल्याबरोबर परतीच्या शेवटच्या केबल कारची किंवा बोटीची वेळ फोटो काढून चॅटवर टाका. क्योनिग्सझे तळ्यावर सालेटच्या धक्क्यावरून शेवटची बोट चुकली तर काठाने चालत परत यायची वाट नाही. कडे सरळ पाण्यात उतरलेले आहेत.

गट फुटला तर कुठे भेटायचं हे सकाळीच ठरवा. मोबाइल बंद पडतात. जागा आणि वेळ, दोन्ही ठरलेलं हवं.

## टप्पा ९: बिघडलं तर

गाडी उशिरा. मुक्कामी पोचायला ६० मिनिटं किंवा जास्त उशीर झाला तर तिकिटाच्या २५ टक्के, १२० मिनिटांपासून ५० टक्के परत मिळतात. रात्री बारा ते पाचच्या दरम्यान पोचायचं असेल आणि तासाभराचा किंवा जास्त उशीर होणार असेल, आणि रेल्वेने दुसरी सोय केली नसेल, तर टॅक्सीचे १२० युरोपर्यंत पैसे मागता येतात. आधी स्टेशनवरच्या मदतकक्षाला किंवा गाडीतल्या कर्मचाऱ्याला विचारा, लेखी घ्या, पावती ठेवा. आपल्या मनाने टॅक्सी करून मग भांडत बसू नका.

पासपोर्ट किंवा पाकीट गेलं. त्याच शहरात पोलिसांत तक्रार, आणि तिची प्रत हातात आल्याशिवाय पुढे हलायचं नाही. बँकेची कार्डं बंद करायला जर्मनीत ११६ ११६ हा क्रमांक आहे, बाहेरून लावताना आधी +४९. पासपोर्टसाठी नंतर तुमच्या भागातलं भारतीय कार्यालय: बर्लिनचा दूतावास किंवा म्युनिक, फ्रँकफुर्ट, हांबुर्गचे वाणिज्य दूतावास. परमिट कार्डही गेलं असेल तर आउसलेंडरबेहोर्डेला लगेच कळवा.

कुणी आजारी पडलं किंवा पडलं-झडलं. युनियनभर ११२. हा क्रमांक लॉक असलेल्या फोनवरूनही लागतो. आजारी माणसासोबत एक जण थांबतो, बाकीचे ठरल्या गाडीने परत जातात. सगळ्यांनी थांबून कुणाचं भलं होत नाही. थांबणाऱ्याचा खर्च गटाचा, हे निघण्याआधी ठरलेलं असू द्या.

## टप्पा १०: परत आल्यावर

हिशोब मंगळवार रात्रीपर्यंत मिटवा. सहलीत दर खर्च त्याच क्षणी ॲपमध्ये टाकलेला असेल तर दहा मिनिटांचं काम आहे. चार दिवस गेले की आठ युरोच्या कॉफीवरून मनं दुखावतात. ज्याने दशम्या केल्या त्याच्या पिठा-तेलाचेही पैसे धरा. तो मागणार नाही, तुम्ही आठवणीने द्या.

उशिराचे पैसे मागायचे असतील तर तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. डीबीच्या ॲपमधून, त्याच प्रवासाच्या नोंदीत जाऊन, पाच मिनिटांत होतो. गटाचं तिकीट असेल तर ज्याच्या खात्यातून काढलं त्यानेच करायचा. रक्कम आली की ती गटात वाटायची, आणि हे काम हिशोब ठेवणाऱ्याने स्वतःच्या कॅलेंडरमध्ये तारखेसह लिहून ठेवायचं.